पुस्तकाची जागा पडदा घेईल काय?



वाचनालयांच्या कार्यक्रमांतून गेली काही वर्षे एक प्रश्न हटकून विचारला जातो. किंडल आले, टॅब आले, प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आला. आता छापील पुस्तकाचे भवितव्य काय? विचारणाऱ्यांपैकी काहींच्या स्वरात चिंता असते, काहींच्या स्वरात घाई. चिंता करणाऱ्यांना वाटते की ग्रंथसंस्कृती बुडाली. घाई असणाऱ्यांना वाटते की कपाटे रिकामी करून ती जागा मोकळी करावी. दोन्ही पक्ष आपापल्या भावनेवरच थांबतात. कोऱ्या कागदाचा वास आवडतो हा पुस्तकाच्या बाजूचा युक्तिवाद होऊ शकत नाही. आणि नवे आले म्हणजे जुने गेलेच पाहिजे, हाही यंत्राच्या बाजूचा युक्तिवाद नव्हे.

पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्यात हा प्रश्न अधिक स्वाभाविक आहे. पिंपरीला १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले आणि भोसरी, आकुर्डी, चिंचवडच्या माळरानांवर कारखाने उभे राहिले. १९८२ साली नगरपालिकेची महानगरपालिका झाली. नव्या शतकात चाकण, महाळुंगे, निघोजे, कुरुळी या गावांच्या शिवारांत मोटारींचे प्रचंड कारखाने आले. या साऱ्या काळात इथल्या कामगाराने एक गोष्ट डोळ्यांनी पाहिली. हाताने चालवायच्या लेथच्या जागी संगणकचलित सीएनसी यंत्र आले आणि जुना लेथ भंगारात गेला. ड्रॉइंग बोर्ड गेला, संगणकावरचा आराखडा आला. जे सरस ते टिकते आणि बाकीचे भंगारात निघते, हा ज्याचा रोजचा अनुभव आहे, त्याने पुस्तकालाही तोच न्याय लावला तर त्यात नवल नाही. म्हणून त्याला उत्तर द्यायचे तर ते त्याच्याच पद्धतीने दिले पाहिजे. कोणते साधन कोणते काम करते, किती बरे करते आणि ते बिघडले तर काय होते, हे पाहून.

छापखान्याने पोथी का हटवली?

एक साधन दुसऱ्याची जागा घेऊ शकते, हे प्रथम मान्य केले पाहिजे. मराठी ग्रंथव्यवहारात ते एकदा घडलेही आहे. शतकानुशतके आपले ग्रंथ हस्तलिखित पोथ्यांत होते. एकोणिसाव्या शतकात छपाई आली तेव्हा सनातनी घरांतून तिला कसून विरोध झाला. शाईत चरबी असते या शंकेने छापील पोथी सोवळ्यात चालत नसे. म्हणून मुंबईत गणपत कृष्णाजींच्या छापखान्यात तुपाची शाई वापरून धार्मिक ग्रंथ छापले गेले. तरीही शंभर वर्षांच्या आत लेखनिकाचा व्यवसाय संपला. आज पूजेसाठीही कोणी हाताने पोथी उतरवून घेत नाही.

छपाई जिंकली ती कशाच्या बळावर? तिची अक्षरे पोथीपेक्षा सुंदर नव्हती. अनेक हस्तलिखितांचे वळण आजही छापील अक्षराला लाजवील असे आहे. आरंभीचा छापील कागदही फार टिकाऊ नव्हता. छपाई जिंकली, कारण जो ग्रंथ गावात एका घरी होता तो तिने शंभर घरी नेला. आणि नुसता नेला नाही, तर त्या शंभर घरांच्या मालकीचा केला. मूळ पोथीवाल्याची परवानगी न मागता तो वाचता येऊ लागला, उसना देता येऊ लागला, मुलाबाळांच्या हाती ठेवता येऊ लागला.

हीच कसोटी पडद्यावरच्या पुस्तकाला लावून पाहिली पाहिजे. अधिक हातांत पोहोचते काय, आणि त्या हातांत राहते काय? पहिल्या प्रश्नाला ई-पुस्तक उत्तम गुणांनी उत्तीर्ण होते. दुसऱ्या प्रश्नाशी ते अडखळते. तसे का, हे समजून घेण्यास याच परिसरातील एक उदाहरण पुरेसे आहे.

इंद्रायणीकाठचा धडा

चाकणच्या कारखान्यांपासून देहू काही किलोमीटरांवर आहे. तुकोबांच्या अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडविल्या गेल्या आणि तेराव्या दिवशी त्या वर आल्या, ही कथा महाराष्ट्रात घराघरांत सांगितली जाते. श्रद्धेने तिचा जो अर्थ घ्यायचा तो प्रत्येकाने घ्यावा. पण गाथेच्या जतनाचा जो इतिहास कागदोपत्री उपलब्ध आहे, तोही तितकाच विचार करायला लावणारा आहे.

तुकोबांचे अभंग लिहून ठेवणाऱ्या टाळकऱ्यांत संताजी जगनाडे यांचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते. व्यवसायाने तेली असलेल्या या भक्ताचे नाते चाकणशी सांगितले जाते आणि त्यांची समाधी जवळच सुदुंबरे येथे आहे. संताजींच्या वह्या त्यांच्या वंशजांनी पिढ्यान्‌पिढ्या जपल्या. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी, ‘महाराष्ट्र सारस्वत’कार वि. ल. भावे यांनी त्याच वह्यांच्या आधारे गाथेची एक आवृत्ती सिद्ध केली. हे तेच भावे, ज्यांच्या पुढाकाराने १८९३ साली ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय सुरू झाले. ग्रंथ जपण्याची तळमळ आणि ग्रंथालय उभारण्याची तळमळ एकाच मनुष्याच्या ठायी असावी, हा योगायोग नाही.

त्याच्याही आधी, मुंबई सरकारच्या साहाय्याने विष्णु परशुरामशास्त्री पंडित आणि शंकर पांडुरंग पंडित यांनी संपादिलेली गाथा इंदुप्रकाश छापखान्यातून १८६९ आणि १८७३ मध्ये दोन भागांत प्रसिद्ध झाली. साडेचार हजारांहून अधिक अभंगांचा हा संग्रह त्यांनी कशावरून सिद्ध केला? देहू, तळेगाव, कडूस आणि पंढरपूर इथल्या हस्तलिखितांवरून. यांतील पहिली तीन ठिकाणे याच पट्ट्यात किंवा त्याच्या काठावर आहेत. एका वहीत जे गळले ते दुसरीत सापडले. एकीत जे चुकले ते दुसरीवरून कळले. गाथा वाचली ती भक्कम कागदामुळे नव्हे. ती अनेक घरांत होती आणि त्या घरांपैकी कोणतेही दुसऱ्याच्या हुकुमाखाली नव्हते, म्हणून ती वाचली. एक वही बुडवता येते. चार गावांतल्या चार वह्या एकाच दिवशी बुडवता येत नाहीत.

आज देहूच्या गाथा मंदिरात हे अभंग संगमरवरी भिंतींवर कोरलेले आहेत, पालखीबरोबर आकुर्डीच्या मुक्कामी येणाऱ्या वारकऱ्याच्या पिशवीत छापील गुटका आहे आणि त्याच वारकऱ्याच्या मोबाईलमध्येही गाथा आहे. दगड, कागद आणि पडदा एकाच वेळी नांदत आहेत. त्यांपैकी कोणीही दुसऱ्याला हाकललेले नाही.

यंत्राचे गुण

आता यंत्राची बाजू मोकळ्या मनाने पाहिली पाहिजे. खरे वाचनयंत्र आणि मोबाईल यांत फरक आहे. किंडलसारख्या यंत्राच्या पडद्यात अतिसूक्ष्म कुप्या असतात. त्यांत पांढरे आणि काळे कण असतात व विद्युतभार बदलला की ते वर किंवा खाली सरकतात. एकदा अक्षर उमटले की ते टिकवून ठेवण्यास वीज लागत नाही; ती लागते फक्त पान उलटताना. मोबाईलप्रमाणे हा पडदा वाचकाच्या डोळ्यांवर मागून प्रकाश फेकत नाही, कागदाप्रमाणे बाहेरच्या उजेडात वाचला जातो. म्हणून त्यावर तासन्‌तास वाचणे डोळ्यांना सुसह्य होते. अमेरिकेत हे यंत्र नोव्हेंबर २००७ मध्ये विक्रीस आले, भारतात २०१२ मध्ये. आणि मराठीसह पाच भारतीय भाषांची पुस्तके त्यावर डिसेंबर २०१६ पासून अधिकृतपणे मिळू लागली.

या यंत्राचे उपकार ज्यांच्यावर आहेत असे वाचक याच भागात पुष्कळ आहेत. मराठवाड्यातून, विदर्भातून, खानदेशातून आलेला तरुण चाकणजवळ भाड्याच्या खोलीत राहतो. अकरा महिन्यांचा करार संपला की खोली बदलते, ठेकेदार बदलला की गावच बदलते. गाठोड्यात पुस्तकांच्या पेट्या घेऊन तो कुठे फिरणार? त्याला दोनशे पुस्तके एका हातात मावणे हा चैनीचा भाग नाही. न्यू जर्सीत किंवा सिंगापुरात राहणाऱ्या मराठी कुटुंबाला पुस्तकाच्या किमतीहून टपालखर्च अधिक पडतो. तिथे ई-पुस्तकाने मराठी वाचन जिवंत ठेवले आहे. ज्यांची दृष्टी वयोमानाने मंदावली, त्यांना अक्षर हवे तितके मोठे करता येते.

दृष्टिहीनांच्या बाबतीत तर छापील पुस्तकाने इतकी वर्षे दार बंदच ठेवले होते. त्यांच्यासाठी ग्रंथ सुलभ रूपात आणता यावेत म्हणून २०१३ साली माराकेश येथे आंतरराष्ट्रीय करार झाला आणि त्याला मान्यता देणारा जगातील पहिला देश भारत ठरला, २०१४ साली. त्यानंतर २०१६ मध्ये ‘सुगम्य पुस्तकालय’ हे दृष्टिबाधितांसाठीचे ऑनलाइन ग्रंथालय सुरू झाले. जो वाचक केवळ कानांनी किंवा ब्रेल पट्टीवर बोटांनी वाचतो, त्याच्यापुढे कागदाच्या वासाचे कौतुक करणे हा अन्याय होईल.

आणखी एका कामात यंत्र निर्विवाद सरस आहे. ते काम शोधण्याचे. कारखान्यात यंत्राची माहितीपुस्तिका पूर्वी जाडजूड फायलींत असे. आज बिघाडाचा क्रमांक पडद्यावर टाकला की नेमके पान समोर येते, आणि आराखडा बदलला की नवी आवृत्ती सर्वांना एकाच वेळी मिळते. तिथे जुनी छापील प्रत हाताशी असणे धोक्याचेच. टेलिफोन डिरेक्टरी याच कारणाने गेली. एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकानेही २४४ वर्षांची छापील परंपरा २०१२ साली थांबविली. जे ग्रंथ सलग वाचायचे नसून चाळायचे असतात, त्यांची जागा पडद्याने घेतली आहे आणि ती परत मिळणार नाही. त्याबद्दल शोक करण्याचे कारणही नाही.

शोधणे वेगळे, समजणे वेगळे

परंतु वाचन म्हणजे केवळ शोधणे नव्हे. समजून घेण्यासाठी जे वाचले जाते त्याचे काय? या विषयावर जगभर अनेक प्रयोग झाले आहेत. २००० ते २०१७ या काळातील ५४ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्यांतील सहभागी वाचकांची संख्या एक लाख सत्तर हजारांहून अधिक होती. निष्कर्ष असा की माहितीपर मजकूर कागदावर वाचणाऱ्यांना तो पडद्यावर वाचणाऱ्यांपेक्षा अधिक चांगला समजला. वेळेचे बंधन असताना हा फरक वाढला. केवळ कथात्म मजकुरात मात्र असा फरक दिसला नाही.

सामान्य समजूत नेमकी याच्या उलट आहे. आईवडील म्हणतात, अभ्यास टॅबवर करू दे, गोष्टीचे पुस्तक मात्र हातात घेऊन वाच. पुरावा सांगतो की कादंबरी यंत्रावर वाचली तरी फारसे बिघडत नाही. डिप्लोमाचा, आयटीआयचा, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास मात्र कागदावर झालेला बरा. स्वीडनसारख्या देशाने शाळांत संगणकीकरण फार लवकर आणि फार उत्साहाने केले होते. त्याच देशाच्या सरकारने २०२३ साली मुलांच्या वाचनाविषयी चिंता व्यक्त करून छापील पाठ्यपुस्तकांच्या खरेदीसाठी मोठा निधी दिला. ज्यांनी पुढचा रस्ता आधी पाहिला, ते वळून काय सांगतात हे ऐकण्यात शहाणपण आहे.

शिवाय इथल्या बहुसंख्य घरांत वाचनयंत्र म्हणून जे वापरले जाते ते किंडल नाही, मोबाईल आहे. त्यावर पुस्तकाचे पान उघडले असताना वरून संदेश उतरतो, खालून जाहिरात चढते, मधूनच फोन वाजतो. रात्रपाळी करून आलेला कामगार कंपनीच्या बसमध्ये दहा पाने वाचावी म्हणून मोबाईल उघडतो आणि घर येईपर्यंत तीस चित्रफिती पाहून होतात. यात त्याच्या इच्छाशक्तीला दोष देणे सोपे आहे. परंतु ते उपकरण लक्ष विचलित करण्यासाठीच अनेकांनी आपापल्या लाभाकरिता सजविलेले आहे. छापील पुस्तकाला दुसरे काही दाखवताच येत नाही, आणि आज हाच त्याचा सर्वांत मोठा गुण ठरला आहे.

पुस्तक कोणाच्या ताब्यात?

आता मुख्य मुद्दा. छापील पुस्तक विकत घेतले की ती प्रत घेणाऱ्याची होते. ई-पुस्तकाच्या बाबतीत बहुधा तसे घडत नाही. ग्राहक ज्याचे पैसे भरतो तो वाचण्याचा परवाना असतो; पुस्तक कंपनीच्या कोठारात राहते आणि त्याच्या किल्ल्याही तिच्याकडेच असतात.

याची प्रचिती जगाला जुलै २००९ मध्ये आली. अ‍ॅमेझॉनने जॉर्ज ऑर्वेलच्या दोन पुस्तकांच्या, म्हणजे ‘नाइन्टीन एटी-फोर’ आणि ‘अ‍ॅनिमल फार्म’ यांच्या, काही ई-प्रती ग्राहकांच्या यंत्रांतून परस्पर पुसून टाकल्या. त्या प्रती विकणाऱ्याकडे हक्क नव्हते, असे कारण होते. पैसे परत मिळाले, कंपनीने पुढे क्षमाही मागितली. पण सत्तेने माणसाच्या स्मृतीवर घातलेल्या घाल्याचे चित्रण करणारी कादंबरीच वाचकाच्या हातातून नाहीशी झाली, हे विसरता येत नाही. २०१९ साली मायक्रोसॉफ्टने आपले ई-पुस्तकांचे दुकान बंद केले, तेव्हा विकलेली पुस्तकेही त्याबरोबर उघडेनाशी झाली. पैसे परत मिळाले, पुस्तके गेली. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातील एखादे दुकान बंद झाले म्हणून तिथून घेतलेले पुस्तक कोणाच्या घरच्या कपाटातून उठून गेल्याचे ऐकिवात नाही.

याच्या शेजारी दुसरे एक चित्र ठेवावे. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी लंडनमध्ये असताना १८५७ च्या समरावर मराठीत ग्रंथ लिहिला. प्रसिद्ध होण्याआधीच इंग्रज सरकारने त्यावर बंदी घातली. इंग्रजी आवृत्ती १९०९ साली हॉलंडमध्ये छापली गेली आणि तिच्या प्रती दुसऱ्याच पुस्तकांची वेष्टने चढवून हिंदुस्थानात आणल्या गेल्या. पुढे परदेशात आणि देशात गुप्तपणे त्याच्या आवृत्त्या निघत राहिल्या. हुतात्मा भगतसिंगांच्या सहकाऱ्यांनीही एक काढली. बंदी उठेपर्यंत जवळजवळ चार दशके साम्राज्याच्या सर्व यंत्रणेला हे पुस्तक नष्ट करता आले नाही. का? ज्याच्या घरी प्रत होती त्याच्या घरी जाऊनच ती जप्त करावी लागत होती. तेच पुस्तक एका कंपनीच्या कोठारात असते आणि सारे वाचक त्या कोठाराला तारेने जोडलेले असते, तर ही मोहीम एका दुपारी संपली असती. पुस्तक कोणत्या विचाराचे आहे हा इथे प्रश्न नाही. आज ज्याला जे पुस्तक नको आहे त्याने हेही ध्यानात घ्यावे की उद्या कळ दाबणारा हात दुसऱ्या कोणाचा असेल.

पुसण्याहून सूक्ष्म असा आणखी एक धोका आहे, बदलण्याचा. ज्ञानेश्वरीच्या प्रती उतरविताना शतकांच्या ओघात अपपाठ शिरले, म्हणून नाथमहाराजांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इसवी सन १५८४ च्या सुमारास, तिचे शुद्धीकरण केले. अनेक प्रती ताडून पाहता आल्या म्हणूनच ते शक्य झाले. छपाईने पाठ स्थिर केला. एका आवृत्तीच्या हजार प्रतींत तेच अक्षर त्याच जागी आले. ई-पुस्तकाने ही स्थिरता पुन्हा सैल केली आहे. ब्रिटनमध्ये २०२३ साली रोआल्ड डाल यांच्या बालपुस्तकांतील मजकूर प्रकाशकांनी बदलला, तेव्हा आधी विकत घेतलेल्या ई-प्रतींतही नवा मजकूर आपोआप आल्याचे वृत्त तिथल्या वृत्तपत्रांनी दिले. छापील जुनी प्रत ज्यांच्याकडे होती, त्यांनाच मूळ काय होते ते दाखविता आले.

मराठीला याचा आणखी एक अनुभव आहे. युनिकोड सर्वत्र रुळण्यापूर्वी मराठी मजकूर निरनिराळ्या टंकांच्या आपापल्या सांकेतिक पद्धतीत साठविला जाई. तो टंक नसला की पडद्यावर अक्षरांऐवजी निरर्थक चिन्हे उमटत. नव्वदच्या दशकात संगणकावर जुळविलेल्या एखाद्या पुस्तकाची फ्लॉपी आज सापडली तरी ती वाचणारे यंत्र सापडत नाही, आणि यंत्र सापडले तर टंक सापडत नाही. त्याच पुस्तकाची छापील प्रत मात्र खिडकीतल्या उजेडात आजही वाचता येते. तीस वर्षांत फाइल म्हातारी होऊन मरते. दीडशे वर्षांपूर्वी छापलेली इंदुप्रकाशाची गाथा अजून वाचता येते.

कर्तव्य कोणते?

तेव्हा मूळ प्रश्नाचे उत्तर एका शब्दात देता येत नाही. शोधण्याच्या कामी यंत्र जिंकले आहे. रंजक वाचनात ते बरोबरीला आले आहे. समजून घेण्याच्या कामी कागद पुढे आहे. आणि जपण्याच्या कामी, आज ज्या अटींवर ई-पुस्तक विकले जाते त्या अटींवर, त्याच्यावर विसंबता येत नाही. यंत्राला पुस्तकाचे सहकारी होऊ द्यावे. वारसदार करू नये.

एवढे म्हणून थांबले तर हे व्याख्यान शब्दांचेच राहील. म्हणून काही करण्याजोग्या गोष्टी.

पहिली गोष्ट घरातली. दोन खोल्यांच्या सदनिकेतही एक फळी पुस्तकांची असावी. सारी पुस्तके तिच्यावर मावणार नाहीत, मावूही नयेत. जी एकदा वाचून संपतात ती यंत्रावर असोत. जी पुन्हा पुन्हा उघडायची आहेत आणि मुलांच्या हाती ठेवायची आहेत, ती कागदावर असावीत. आजोबांनी पहिल्या पानावर नाव आणि तारीख घालून दिलेले पुस्तक नातवाच्या हाती जाते. आजोबांचे ई-पुस्तकांचे खाते मात्र बहुधा त्यांच्याबरोबरच मिटते.

दुसरी गोष्ट वाचनालयाची. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याने महाराष्ट्रात गावोगावच्या ग्रंथालयांना शासकीय अनुदानाचा आधार दिला. औद्योगिक वसाहतींत कामगार कल्याण मंडळाच्या केंद्रांनीही वाचनाची सोय केली. परंतु सकाळी आणि संध्याकाळी ठरावीक तास उघडणारे वाचनालय तीन पाळ्यांत राबणाऱ्या वाचकाच्या उपयोगी पडत नाही. ग्रंथालयांनी वेळा बदलाव्यात, छापील पुस्तकांबरोबर वाचनयंत्रेही उसनी द्यावीत, आणि कार्यकर्त्यांनी पुस्तकांची पेटी वस्तीत, कारखान्यांच्या दारी न्यावी. वाचक नाहीत ही तक्रार खरी नाही. जानेवारी २०१६ मध्ये पिंपरीला, हिंदुस्थान अँटिबायोटिक्सच्या मैदानावर, ८९ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले तेव्हा ग्रंथप्रदर्शनाला या नगरीतल्या वाचकांनी गर्दी केली होती. २०१७ साली पाचगणीजवळ भिलार हे ‘पुस्तकांचे गाव’ झाले. डिसेंबर २०२३ पासून पुण्यात फर्ग्युसन महाविद्यालयाच्या मैदानावर भरलेल्या पुस्तक महोत्सवातही तरुणांचीच झुंबड होती. वाचक आहे. पुस्तक त्याच्या वाटेवर असले पाहिजे.

तिसरी गोष्ट प्रकाशकांची आणि वाचकांची, दोघांची मिळून. प्रकाशकांनी ई-पुस्तक युनिकोडमध्ये, कोणत्याही यंत्रावर उघडेल अशा रूपात आणि खरोखर मालकीचे म्हणून विकावे. वाचकांनी भ्रमणध्वनीवरून चोरीच्या पीडीएफ फाइली पुढे ढकलणे थांबवावे. मराठीत हजार प्रतींची आवृत्ती ही मोठी गोष्ट मानली जाते. तिथे फुकट वाटलेली प्रत्येक चोरीची प्रत पुढच्या पुस्तकाचा गळा घोटते.

चौथी गोष्ट शासनाची. १९५४ च्या कायद्यानुसार देशात छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयासह चार ग्रंथालयांत जमा करावी लागते. त्यांपैकी एक मुंबईत आहे. हा कायदा छापील पुस्तक डोळ्यांसमोर ठेवून झाला. जे मराठी साहित्य आता केवळ पडद्यावरच प्रसिद्ध होते, त्याच्या जतनासाठी तितकीच भक्कम व्यवस्था हवी, आणि ती एका ठिकाणी नव्हे, अनेक ठिकाणी. देहू, तळेगाव, कडूस, पंढरपूर या चार नावांनी दीडशे वर्षांपूर्वी हेच शिकविले आहे.

संताजी जगनाडे यांच्याजवळ छापखाना नव्हता, वाचनयंत्र नव्हते, ग्रंथालय नव्हते. घाण्याचा धंदा सांभाळून रात्री वहीत उतरवून घेणारा एक गृहस्थ, आणि ती वही फेकून न देणारी त्याची मुलेनातवंडे, इतक्यावर मराठीतला एक थोर ग्रंथ तरला. साधने आज कितीतरी वाढली आहेत. जपणारी घरे तितकीच राहिली आहेत की कमी झाली, एवढे प्रत्येकाने आपल्या घरी जाऊन पाहावे.